किरकिर कोण करतं?
(समुदाय रेडिओवरील भाषण)



जेवणं उरकली, भांडी घासून पालथी घातली, टीव्ही बंद झाला, की आपल्या वाडीवर एक आवाज एकदम मोठा होतो. खरं तर तो आधीपासून चालूच असतो, आपल्याला मात्र तेव्हा ऐकू येतो. गडग्याच्या दगडांतून येतो, कलमांखालच्या पातेऱ्यातून येतो, मांगरात रचलेल्या लाकडांखालून येतो, कधी थेट न्हाणीतून येतो. किर्र... किर्र... किर्र. आज आपण ह्या रातकिड्यांबद्दल बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, बोलायला दुसरं काही नव्हतं का? बचत गटाचं कर्ज आहे, काजूचा भाव आहे, पाणी आहे. आहेच. पण हा किडा आपल्या भाषेत किती शिरलाय ते बघा. काळोखाला काही आवाज नसतो, तरी आपण 'किर्र काळोख' म्हणतो. रान दाट असलं तर 'किर्र रान' म्हणतो. आणि दुसरा शब्द म्हणजे 'किरकिर'. तान्हं बाळ किरकिर करतं. आणि घरातली बाईसुद्धा 'किरकिर' करते, असं म्हणतात. नळाला चार दिवस पाणी नाही हे तिने तिसऱ्यांदा सांगितलं की उत्तर येतं, "काय सारखी किरकिर लावलीयस?" ग्रामसभेत एखादी उठून पाखाडीवरच्या दिव्याबद्दल पुन्हा बोलली, की मागून कोणीतरी हेच पुटपुटतं.

म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगून टाकते. आपल्या घरादारात जे रातकिडे ओरडतात, त्यांच्यात किरकिर करणारा नर असतो. मादी तो आवाज काढत नाही. तिच्या पंखांना तशी सोयच नाही. ती ऐकते, आणि ऐकून ठरवते. कशी, ते आता बघू.

आवाज निघतो कसा?

पुष्कळांना वाटतं, रातकिडा तोंडाने ओरडतो. कोणाला वाटतं, पाय पायावर घासतो. दोन्ही खरं नाही. घरात फणी असेल ना? तिच्या दातांवरून नख फिरवा. कर्रर्र असा आवाज येतो. रातकिड्याचं नेमकं असंच आहे. नराच्या पुढच्या दोन पंखांपैकी एकाच्या खालच्या बाजूला बारीक दात्यांची एक ओळ असते. ती झाली फणी. दुसऱ्या पंखाची कड टणक असते. ते झालं नख. तो पंख थोडे वर उचलतो आणि एकमेकांवर घासतो. पंखावर पातळ, ताणलेला भाग असतो, तो ढोलकीच्या पुडीसारखा थरथरतो आणि आवाज मोठा होतो. बोटाच्या पेराएवढा हा जीव, पण त्याचा आवाज सगळ्या परसात भरतो.

त्याची गाणीही एकाच तऱ्हेची नसतात. लांबवरच्या मादीला बोलवायचं गाणं मोठं आणि ठाम. ती जवळ आली की आवाज उतरतो, गाणं हळू आणि मऊ होतं. दुसरा नर आपल्या बिळाजवळ आला तर तिसराच सूर लागतो, कर्कश आणि तुटक. तेवढ्याने तो गेला नाही तर दोघे डोक्याला डोकं लावून भांडतात, जबड्याने एकमेकांना ढकलतात. जो जिंकतो तो मागाहून पुन्हा गातो. म्हणजे आपण ज्याला एकच किरकिर म्हणतो, त्यात आमंत्रण आहे, आर्जव आहे आणि हद्दीचं भांडणही आहे.

ऐकते ती

आता मादीकडे वळू. तिचे कान कुठे असतात, सांगा बघू? डोक्यावर नाहीत. पुढच्या दोन पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली, बारीक पडद्यासारखे कान असतात. नराचेही तिथेच असतात. दोन पायांवर दोन कान, म्हणून आवाज उजवीकडून येतोय की डावीकडून, हे तिला चालता चालता कळतं. काळोखात, गवतातून, दगडांवरून ती त्या आवाजाच्या रोखाने चालत जाते.

ती नराला बघून जाते, वासाने जाते की खरोखर आवाजाने, हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने मोठ्या गमतीने शोधलं. त्याचं नाव योहान रेगेन. तो ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात काम करायचा. 1913 साली त्याने गाणाऱ्या नराजवळ टेलिफोन ठेवला आणि त्याच तारेचं दुसरं टोक लांब, मादीजवळ ठेवलं. तिथे नर नव्हता, त्याचा वास नव्हता, होता फक्त टेलिफोनमधून येणारा आवाज. मादी चालत त्या टेलिफोनकडे गेली. आज मी इथे बोलतेय आणि तुम्ही पडवीत बसून ऐकताय, त्याच जातीची ही गोष्ट.

पण ती कोणाच्याही आवाजाकडे जात नाही. आपल्या जातीची लय ती ओळखते. एकाच रात्री एकाच बांधावर तीन-चार जातींचे रातकिडे गात असतात. प्रत्येकीला त्यातून आपलं गाणं वेगळं काढता येतं. आणि आपल्या जातीतही पुष्कळदा मोठा, दमदार आवाज तिला जास्त पटतो.

मग ज्याचा आवाजच बारीक आहे त्याने काय करायचं? ह्याचं उत्तर आपल्या देशातल्याच संशोधकांनी दिलंय. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्याबरोबरच्या तरुण संशोधकांनी झुडपावर राहणाऱ्या रातकिड्यांचा अभ्यास केला. हा फिकट हिरवा, नाजूक किडा रानतुळशीसारख्या झुडपांवर राहतो. त्यातले काही नर पानाला दातांनी कुरतडून मधोमध भोक पाडतात, त्यात डोकं घालतात आणि पंख पानाला टेकवून गातात. पान आडवं आल्यामुळे पुढून आणि मागून निघणारा आवाज एकमेकांत विरत नाही, आणि गाणं जास्त मोठं ऐकू येतं. म्हणजे त्याने पानाचा भोंगा केला! 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की हा उद्योग मुख्यतः लहान अंगाचे, बारीक आवाजाचे नर करतात. पानाच्या भोंग्यामुळे त्यांनाही मोठ्या नरांच्या बरोबरीने माद्या मिळतात. कोणी शिकवलं नाही, शाळा नाही, तरी हातातल्या पानाचं त्याने अवजार केलं.

मादीची टोकण

मादी ओळखायची कशी? शेपटीकडे बघा. नर असो की मादी, मागे दोन बारीक केसाळ शेंड्या असतात. मादीला त्या दोघांच्या मधे तिसरी, सुईसारखी लांब नळी असते. लहान मुलांना वाटतं ती नांगी आहे, डसेल. ती नांगी नाही. ती अंडी घालायची नळी आहे. मादी ही सुई ओलसर मातीत खुपसते, एक अंडं सोडते, सुई काढते, पुढे सरकते, पुन्हा खुपसते. आपण भुईमूग किंवा वाल टोकतो ना, अगदी तसं. असं करत ती शेकड्याने अंडी घालते.

त्यातून बाहेर येणारी पिल्लं आईबापांसारखीच दिसतात, फक्त इवलीशी आणि बिनपंखांची. फुलपाखराला सुरवंट आणि कोष असतो, तसं ह्यांचं काही नाही. पिल्लू वाढतं, कात टाकतं, पुन्हा वाढतं. असं आठ-दहा वेळा झालं की शेवटच्या कातीनंतर पंख येतात आणि नराचा आवाज फुटतो. मृगाच्या पावसाने माती ओली होते, गवत वाढतं, पिल्लांना खाणं मिळतं. पावसाळा सरता सरता, गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत, आवाज भरगच्च होतो त्याचं कारण हेच.

चैत्रात झाडावर ओरडतो तो कोण?

इथे एक घोटाळा दूर करू. चैत्र-वैशाखात, भर दुपारी, झाडावरून करवत चालवल्यासारखा जो एकसुरी कर्कश आवाज येतो, त्यालाही पुष्कळ जणी रातकिडाच म्हणतात. तो रातकिडा नव्हे. त्याला इंग्रजीत सिकाडा म्हणतात. तो पंख घासत नाही. त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या झाकणासारखे पडदे असतात, ते तो टकटक आत-बाहेर करतो. तो झाडाचा रस पितो आणि आपल्या हापूसच्या मोहोरावर बसणाऱ्या तुडतुड्यांचा तो मोठा नातेवाईक आहे. रातकिड्याचं गोत्र वेगळं. तो नाकतोडे आणि टोळांच्या कुळातला.

गाण्याची किंमत

गाणं म्हणजे आपला पत्ता सगळ्यांना सांगणं. मादीला पत्ता कळतो, तसा तो शत्रूलाही कळतो. पाल, बेडूक, घुबड, वटवाघूळ, सगळ्यांना हा खाऊ आवडतो. म्हणून पाऊल वाजलं की रातकिडा गप्प होतो. मागच्या त्या दोन केसाळ शेंड्या हवेची जराशी हालचालही टिपतात आणि पायांना जमिनीची थरथर कळते. तुम्ही बॅटरी घेऊन न्हाणीकडे गेलात की आवाज थांबतो, परत फिरलात की सुरू होतो, तो ह्यामुळे. पाखाडीकडचे रातकिडे एकदम थांबले तर तिकडे काहीतरी हललंय एवढं नक्की समजायचं. मग ते माणूस असेल, कुत्रं असेल, नाहीतर रानडुक्कर.

हवाई बेटांवर ह्या किमतीची फार वेगळी गोष्ट घडली. तिथे एक माशी आहे. ती नर रातकिड्याचं गाणं ऐकून त्याला शोधते आणि त्याच्या अंगावर आपल्या अळ्या सोडते. त्या आत शिरतात आणि त्याला आतून खातात. जो जास्त गातो तो आधी मरतो. मार्लीन झुक नावाच्या संशोधिका तिथल्या काउआई बेटावर वर्षानुवर्षं ह्या किड्यांचा अभ्यास करत होत्या. बेट दरवर्षी जास्त जास्त शांत होत गेलं. त्यांना वाटलं, रातकिडे संपले. पण 2003 मध्ये बॅटरी घेऊन गवतात बघितलं तर रातकिडे भरपूर होते. बहुतेक नरांचे पंख मात्र सपाट झाले होते. त्यांवर आवाज काढणारी फणीच उरली नव्हती. वीसपेक्षाही कमी पिढ्यांत हा बदल पसरला होता. हे मुके नर उरल्यासुरल्या गाणाऱ्या नरांच्या आसपास बसून राहतात आणि त्या आवाजावर येणारी मादी वाटेत गाठतात.

म्हणजे आवाज नाही ह्याचा अर्थ तिथे कोणी नाही, असा होत नाही. हे आपल्यालाही माहीत आहे. बैठकीत जी बाई बोलत नाही, तिला काही म्हणायचं नसतं असं थोडंच असतं?

रातकिडा आणि थंडी

दिवाळीनंतर थंडी पडली की रातकिड्याची किरकिर संथ होते. हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याचं अंग आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. हवा गार झाली की त्याचे स्नायू सावकाश चालतात आणि गाणंही सावकाश होतं. गंमत म्हणजे मादीचा कानही हवेप्रमाणे बदलतो, तिला त्या गारठ्यात सावकाशच गाणं बरोबर वाटतं.

अमेरिकेतल्या आमोस डॉल्बेअर नावाच्या प्राध्यापकांनी 1897 साली ह्यावरून एक हिशेब मांडला. तिकडच्या झुडपावरच्या एका रातकिड्याची किरकिर 8 सेकंद मोजायची, त्यात 5 मिळवायचे, की साधारण तेवढे अंश सेल्सिअस तापमान असतं. 8 सेकंदांत 15 वेळा वाजला तर 20 अंश. हा हिशेब त्या जातीचा, आपल्याकडच्यांची लय वेगळी. पण मुलांना एक काम द्या. कार्तिकात एकच रातकिडा धरून ठेवा, म्हणजे हाताने नव्हे, कानाने! संध्याकाळी सातला त्याची किरकिर एक मिनिट मोजायची आणि पहाटे पाचला पुन्हा मोजायची. आकडे वहीत लिहायचे. विज्ञानाचा तास घरच्या पडवीत होईल.

एकच आवाज, वेगवेगळे कान

आता जरा लांब जाऊ. हाच आवाज जगभरच्या माणसांनी कसा ऐकला?

चीनमध्ये ह्याचं एक जुनं नाव आहे, त्याचा अर्थ होतो 'विणायची घाई कर'. शरद ऋतू लागला, रातकिडे गाऊ लागले, म्हणजे थंडी तोंडावर आली. आता मागावर बस, गरम कपडे विणून घे, असं तो बायकांना सांगतो अशी समजूत होती. म्हणजे तिथे ती किरकिर हंगामाची हाक झाली. आपण नाही का, पावशा ओरडला की 'पेरते व्हा' ऐकतो.

त्याच चीनमध्ये तांग घराण्याच्या काळात, म्हणजे सन 618 ते 907 च्या दरम्यान, राजवाड्यातल्या बायका शरद ऋतूत रातकिडे पकडून छोट्या सोनेरी पिंजऱ्यांत ठेवत आणि रात्री उशाशी घेऊन त्यांचं गाणं ऐकत, असं जुन्या ग्रंथात लिहिलंय. त्या राजवाड्यातून त्यांनाही बाहेर जायची मुभा नव्हती. पिंजऱ्यातल्या किड्याशी त्यांचं इतकं का जमलं असेल, ते तुम्ही-आम्ही सहज समजू शकतो. पुढे पुरुषांनी त्याच किड्यांच्या झुंजी लावल्या आणि त्यावर पैसे लावले. तेराव्या शतकात ज्या सिदाओ नावाचा एक मोठा मंत्री होऊन गेला. रातकिडे कसे पाळावे, कसे झुंजवावे, ह्यावरचं पुस्तक त्याच्या नावावर आहे. राज्य बुडत होतं आणि हा किडे झुंजवत बसला होता, अशी त्याची अपकीर्ती आहे.

जपानमध्ये एका जातीला घंटेचा किडा म्हणतात, कारण त्यांना त्याच्या आवाजात बारीक घंटा वाजल्यासारखी वाटते. सुमारे हजार वर्षांपूर्वी मुरासाकी शिकिबू नावाच्या बाईने 'गेंजीची कथा' ही थोरली कादंबरी लिहिली. तिच्या एका प्रकरणाला ह्याच किड्याचं नाव आहे. पुढे तिथल्या शहरांत गाणारे किडे विकणारे फेरीवाले फिरत, आपल्याकडे बांगड्यावाला फिरतो तसे.

इंग्लंडमध्ये चुलीजवळ रातकिडा असणं शुभ मानत. चार्ल्स डिकन्स ह्या लेखकाने 1845 साली चुलीजवळच्या रातकिड्यावर एक आख्खी गोष्ट लिहिली. तिकडच्या कडाक्याच्या थंडीत ह्या किड्याला चुलीची ऊब लागते. तो ज्या घरात गातो त्या घरात चूल पेटती आहे, म्हणजे बरं चाललंय, असा त्याचा साधा अर्थ. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वसंतात रातकिड्यांची जत्रा भरते. तिथे पिंजऱ्यात घालून जिवंत किडे विकत. 1999 साली शहराने जिवंत किडे विकायला बंदी घातली.

थायलंडमध्ये तर रातकिडे पाळून खातात. 1998 पासून तिथल्या खोन काएन विद्यापीठाने शेतकऱ्यांना ते पाळायचं शिकवलं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या 2013 च्या अहवालात तिथे असे सुमारे 20 हजार व्यवसाय असल्याची नोंद आहे. नाक मुरडू नका. आपण कोळंबी सोलतो, कुर्ल्यांचा रस्सा करतो, आणि कोळंबी-कुर्ल्या ह्या रातकिड्याच्या लांबच्या बहिणी आहेत. पायांना सांधे आणि अंगाबाहेर कवच, हे सगळ्यांचं सारखंच. म्हणून तर ज्यांना कोळंबी सोसत नाही, त्यांना रातकिडाही सोसत नाही असं आढळतं. मी खायला सांगत नाहीये. ज्याच्या-त्याच्या ताटातलं ज्याला-त्याला गोड, एवढंच.

आणि आपल्याकडे? महाभारतात नळाने दमयंतीला रानात एकटीला टाकून दिलं, त्या रानाचं वर्णन करताना रातकिड्यांच्या आवाजाने भरलेलं रान असं म्हटलंय. तिथे तो आवाज एकटेपणाचा आहे. आजही नाटकात, सिनेमात, रेडिओवर भीतीचा प्रसंग आला की मागे रातकिडे वाजवतात. आपल्याला लहानपणापासून हा आवाज भीतीशी जोडून दिलाय. कोणी म्हणतं, घरात रातकिडा ओरडला की अपशकुन. चिनी बाई त्याच आवाजाला उशाशी घेऊन झोपत होती आणि इंग्रज बाई त्याला शुभ म्हणत होती. मग शकुन-अपशकुन किड्यात आहे की आपल्या कानात? मुलांना रातकिड्याची भीती घालण्यापेक्षा त्याच्या पंखावरची फणी सांगा.

घरात आला तर, तरव्यात आला तर

आता कामाचं बोलू. रातकिडा चावत-डसत नाही. मोठा रातकिडा हातात दाबून धरला तर चिमटा काढल्यासारखं करेल, पण विष नाही. मात्र घरात राहिला तर खळ घातलेले, घामट किंवा रेशमी-लोकरी कपडे कुरतडतो, हे खरं. त्यासाठी एवढं करा.

एक, त्याला वाटी किंवा पेला पालथा घालून पकडा, खालून जाड कागद सरकवा आणि परसात सोडा.

दोन, दाराखालची फट बंद करा, न्हाणीजवळची ओल कमी करा, लाकडांचा ढीग आणि पातेरा घराच्या भिंतीला टेकवून रचू नका.

तीन, ही सगळ्यात महत्त्वाची. त्याला शोधायला गडग्याच्या फटीत, लाकडांत किंवा पातेऱ्यात उघडा हात घालू नका. त्याच जागी विंचू आणि फुरसं बसतं. आधी बॅटरी, मग काठी. मुलांनाही हे बजावून सांगा.

चार, कलमांवर मारायचं औषध घरात फवारू नका, त्याची पूड चुलीच्या ओट्याखाली टाकू नका. रातकिडा एखादा मरेल, पण ते विष रांगत्या मुलाच्या हाताला लागेल, पिठाच्या डब्यावर बसेल आणि मेलेला किडा खाऊन कोंबडी जाईल.

शेतात त्याचं दोन्ही तऱ्हेचं वागणं आहे. तो कुजका पाला खातो, मेलेले किडे खातो, गवताचं बी खातो. त्याचबरोबर भाजीची किंवा भाताची कोवळी रोपं रात्री बुंध्याशी कुरतडतो. त्याचाच एक भाईबंद जमिनीत बोगदे करतो. त्याचे पुढचे पाय फावड्यासारखे असतात आणि तो मुळं तोडतो. वाफ्याभोवतीचं गवत काढून ठेवा. अशा बोगद्यांत पाणी सोडलं की किडे वर येतात, आणि मग बाकीचं काम कोंबड्या करतात. भाताच्या चिखलणीला नांगरामागे बगळे का चालतात? जमिनीतून वर आलेले किडे टिपायला. आपल्या आधीपासून ही मजुरी ते बिनपैशाने करतायत. एवढ्यानेही नुकसान थांबलं नाही तर दुकानदाराला विचारून औषध आणू नका. आपल्या कृषी सहाय्यकाला रोप दाखवा, नाहीतर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना विचारा.

आणि एक विचार. मोहोरावरचा तुडतुडा मारायला केलेली फवारणी किड्याचं नाव विचारून मारत नाही. तिच्या आड येईल तो जातो. सड्यावरचं गवत पेटवलं की त्यात लपलेली पिल्लं जळतात. रात्रभर जळणारे पांढरे दिवेही आहेत. इस्रायलमधल्या संशोधकांनी रातकिड्यांना सतत उजेडात ठेवून बघितलं, तेव्हा दिवस कुठला आणि रात्र कुठली हा त्यांचा हिशेबच बिघडला आणि ते अवेळी गाऊ लागले. पाखाडीवर दिवा हवाच, तो आपण मागणारच. पण अंगणातला दिवा निजायच्या वेळी बंद केला तर बिल वाचेल आणि त्यांची रात्रही त्यांना मिळेल. रातकिडे गेले की त्यांच्यावर जगणारे बेडूक जातात, कोतवाल-घुबडं जातात. मग आपल्या वाडीची रात्र खरोखरच मुकी होईल.

तर मैत्रिणींनो, ज्याला सगळे 'नुसती किरकिर' म्हणतात, त्यात एवढं सगळं सांगणं भरलेलं असतं. ऐकणाऱ्याने कान दिला तर कळतं. पुढच्या वेळी कोणी तुम्हाला म्हणालं, "काय किरकिर लावलीयस", तर शांतपणे सांगा, रातकिड्यांत ते काम नराचं असतं. आणि मग पाण्याचं राहिलेलं वाक्य पूर्ण करा.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

1. आपल्या वाडीत रातकिड्यांना, सिकाडाला आणि जमिनीतल्या फावड्या-पायाच्या किड्याला कोणती नावं आहेत? वयस्कर बायकांना विचारून लिहून काढा.
2. दहा-वीस वर्षांपूर्वीपेक्षा आज रातकिड्यांचा आवाज कमी वाटतो की जास्त? कोणत्या जागी? तिथे काय बदललं?
3. घरातले किडे मारायला आपण काय वापरतो? ते कुठे ठेवतो? मुलांचा हात तिथे पोहोचतो का?
4. 'किरकिर' हा शब्द बाईला कधी वापरतात? त्या वेळी ती काय सांगत होती?